घुमणारी खोली

"आता कोणी हलायचं नाही, कोणी खोकायचं नाही," वीरेंद्र कटरे म्हणाला आणि नव्या खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं एक टाळी वाजवली.

टाळी समोरच्या भिंतीवर गेली, परत आली, छताला लागली आणि बाहेर जायची वाट न सापडलेल्या चिमणीसारखी खोलीभर फिरत राहिली. चौथीची पोरं खुसखुसली. दारात उभ्या असलेल्या फुलवंता पटले हिला तर त्याहून बरं वाटलं. पण ती पन्नाशीला आलेली बाई होती, तेवीस वर्षं शाळेत काढलेली. चेहरा कसा ठेवायचा ते तिला कळत होतं.

"दीड सेकंदाच्या वर," वीरेंद्र हातातल्या यंत्राकडं पाहून म्हणाला. "याच्या निम्म्यात विरायला पाहिजे. खोली घुमते, सर."

गोरेगावच्या गट साधन केंद्रातून तो सकाळी हळदूटोल्याच्या शाळेत आला होता. तालुक्यातल्या काही शाळांमध्ये वर्गातला उजेड आणि आवाज तपासायचं काम त्याच्याकडं होतं. पाठीवरच्या पिशवीत दोन यंत्रं, हातात छापील तक्ते.

मुख्याध्यापक केवळराम बिसेन यांना हे पटेना. "घुमते म्हणजे काय गा? सहा महिने झाले खोली बांधून. फरशी पाहा, भिंती पाहा."

"म्हणूनच घुमते, सर. वर सिमेंटचं छत, खाली गुळगुळीत फरशी, थंडीपायी खिडक्या बंद. आवाजाला मुरायला जागाच नाही. शिकवणाऱ्याचा एक शब्द मागं पोचत नाही, तोच त्याच्या पाठीवर दुसरा जाऊन बसते."

फळ्याजवळ उभी असलेली हर्षिता रहांगडाले गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करत होती. दिवाळीपासून तिचा आवाज बसला होता. "मला वाटत होतं माझ्याच गळ्यात काही प्रॉब्लेम आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मागची मुलं ऐकतच नाहीत म्हणून मी आणखी जोरानं बोलते, मॅडम."

शेवटचं वाक्य तिनं फुलवंताकडं पाहून म्हटलं. फुलवंतानं नुसती मान हलवली. मनातून ती म्हणाली, घे आता.

अकरा वर्षं झाली होती तिला या शाळेत. पहिली-दुसरी बिसेन सरांकडं आणि तिसरी-चौथी फुलवंताकडं. तिचा जोडवर्ग कवेलूच्या, म्हणजे कौलारू, जुन्या खोलीत भरायचा. पोर आठव्या वर्षी तिच्या हाताखाली यायचं आणि दहाव्या वर्षी लिहितं-वाचतं होऊन बाहेर पडायचं. पहिलं वर्ष मेहनतीचं, दुसरं वर्ष फळाचं, असं ती मानायची. निकालाच्या दिवशी चौथीच्या पोरांचे आईबाप तिला शोधत यायचे. कोणी पेढा द्यायचं, कोणी नुसतंच हात जोडून उभं राहायचं. त्या एका दिवसावर तिचं वर्ष निघायचं.

यंदा जूनमध्ये नवी खोली तयार झाली आणि त्याच महिन्यात हर्षिता रुजू झाली. सव्वीस वर्षांची, गोंदिया शहरातली, स्कूटीवर येणारी. बिसेन सर म्हणाले, "पटले मॅडम, चौथी आता हर्षिता मॅडमकडं देऊ. नव्या खोलीत टीव्ही लागणार आहे, त्यांना ते सगळं जमते. तुम्ही तिसरी पाहा. तुमचंही ओझं कमी."

ओझं. फुलवंताला तो शब्द पायात काटा जावा तसा लागला. घासून-पुसून लख्ख केलेली अठरा पोरं दुसऱ्याच्या खोलीत गेली, आणि वरून ते तिचं ओझं कमी करणं झालं.

पंधरा दिवसांत पोरं बदलली. सकाळी स्कूटीचा आवाज आला की चौथीचा वर्ग फाटकाकडं पळायचा. हर्षिता मॅडमची पिशवी कोणी धरायची यावरून भांडणं व्हायची. एका पोरीनं तळहातावर पेनानं तिचं नाव लिहून घेतलं होतं. आणि कुठून कसं सुरू झालं देव जाणे, फुलवंताला पोरं 'जुन्या मॅडम' म्हणू लागली. त्यात वाईट हेतू काही नव्हता. एक नवी आली म्हणून दुसरी जुनी झाली, एवढंच. पण ज्या दिवशी तिनं ते पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी घरी गेल्यावर ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली.

नवी खोली घुमते हे फुलवंताला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिची कवेलूची खोली लागूनच होती. मधल्या खिडकीतून हर्षिताचं शिकवणं ऐकू यायचं, पण शब्द म्हणून नाही. एकच एक घूं, मधमाश्यांचं पोळं असावं तसं. तेवीस वर्षांच्या अनुभवी कानाला यात काय ते समजायला यंत्र लागत नाही. पुढची दोन बाकं सोडली तर मागं काही पोचत नसणार. 'खिडक्या उघड्या ठेवा, मागच्या भिंतीवर काहीतरी जाड टांगा,' एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती बोलली नाही. शिकू दे आपलं आपण, असं तिनं स्वतःला समजावलं. टीव्ही येते, फरशी येते, मग आवाज पण येऊ दे.

आणि दुसरी एक गोष्ट होती. ती मात्र फुलवंता स्वतःलासुद्धा समजावून सांगत नव्हती.

टाळी झाल्यावर वीरेंद्रनं शब्दांची चाचणी घेतली. शिक्षकानं फळ्याजवळ उभं राहून, न ओरडता, रोजच्या आवाजात वीस शब्द वाचायचे. मागच्या दोन ओळींतल्या पोरांनी जे ऐकू येईल ते लिहायचं. शब्द मुद्दाम सारखे वाटणारे निवडले होते. काठी, गाठी, पाटी. भात, हात, रात. हर्षितानं वाचले. मागच्या आठ पोरांचे कागद गोळा झाले. वीरेंद्र तपासत गेला: अकरा बरोबर, नऊ, दहा, बारा, नऊ. मग तो एका कागदावर थांबला.

"हे कोणाचं? वीसपैकी दोन."

"रेणू," हर्षिता म्हणाली. शेवटच्या बाकावर भिंतीशी बसलेली उंच, सडपातळ पोरगी खाली पाहू लागली. हर्षितानं आवाज आणखी खाली आणला. "सर, हिच्यावर मी खूप मेहनत घेते. पण हिचं लक्षच नसतं. बोलावलं तरी पाहत नाही कधी कधी."

"तशी कमजोरच आहे," बिसेन सर म्हणाले.

"मग हा कागद बाजूला ठेवू," वीरेंद्र म्हणाला. "आपण खोली तपासून राहिलो, पोरगी नाही. हिच्यापायी सरासरी बिघडंल." त्यानं तो कागद तक्त्याखालून काढून टेबलाच्या कडेला ठेवला.

फुलवंता दारातच होती. तिच्या ओठांपर्यंत एक वाक्य आलं. पण नेमकं तेव्हाच बिसेन सर म्हणाले, "चला, आता जुन्या खोलीत," आणि सगळे निघाले. ते वाक्य तिनं गिळलं. निघताना मात्र टेबलाच्या कडेचा तो कागद तिनं उचलला आणि पर्समध्ये टाकला.

जुन्या खोलीत टाळी वाजली ती वाजल्या जागीच विरली. कवेलू, लाकडी फाटे, मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात सतरंज्यांची थप्पी. फुलवंतानं शब्द वाचले आणि तिसरीच्या पोरांनी वीसपैकी सतरा-अठरा लिहिले. वीरेंद्रनं दोनदा तपासून पाहिलं. "मॅडम, या खोलीत तर मागं बसून कुजबूजही ऐकू येते." मग त्यानं उजेडाचं यंत्र मागच्या बाकावर ठेवलं आणि त्याचा चेहरा पडला. "तीनशे पाहिजे, आणि इथं पासष्टच. पोरांचे डोळे जातील."

नव्या खोलीत हाच आकडा चारशेवर गेला होता.

"म्हणजे एका खोलीत दिसते आणि दुसरीत ऐकू येते," बिसेन सर हसले.

जाताना वीरेंद्र सांगून गेला की जुन्या खोलीच्या छताला काचेची कवेलू टाकायची शिफारस तो करेल. नव्या खोलीत मागच्या भिंतीला आणि छताच्या एका पट्ट्याला काहीतरी मऊ, जाड लावलं की फरक पडेल. शहरात त्यासाठी महागडे फलक मिळतात. इथं काय लावायचं ते शाळेनं पाहावं. महिन्याभरानं तो पुन्हा मोजायला येणार होता.

दिवसभर फुलवंताच्या अंगात एक हलकेपणा होता. मधल्या सुट्टीत तिनं हर्षिताला गरम पाण्याची बाटली दिली. "गळ्याला जपा," म्हणाली. एखाद्याचं बिघडलेलं पाहिलं की त्याच्याशी गोड बोलणं सोपं जातं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी गोरेगावला घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि पर्समधून तो कागद काढला. नवरा चैतराम अजून दुकानातून यायचा होता. बाजारात त्याचं बारदान्याचं, म्हणजे तागाच्या पोत्यांचं, दुकान होतं. धानाच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. ओट्याशी उभ्या उभ्या तिनं कागद उलगडला.

अक्षर पाहूनच तिचा हात थांबला. ते तिचंच अक्षर होतं. म्हणजे तिनं दोन ओळींच्या वहीवर वर्षभर गिरवून घेतलेलं, गोल, सरळ, काना-वेलांटी जागच्या जागी. वीसच्या वीस ओळी भरलेल्या होत्या. एकही जागा कोरी नव्हती. ऐकू आलं नव्हतं तिथं रेणूनं मनानं शब्द घातले होते. काठीच्या जागी 'आजी'. रातच्या जागी 'राग'. एका ठिकाणी नुसतंच 'मॅडम'. कागद कोरा दिला तर मॅडमला वाईट वाटेल, अशी काळजी घेऊन लिहिल्यासारखा तो कागद होता.

रेणूला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, हे फुलवंताला गेल्या वर्षी कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तान्ही असताना कान वाहायचा, एवढंच आजीला आठवत होतं. फुलवंतानंच टिपलं होतं की पोरगी उजवीकडून हाक मारली की लगेच वळते आणि डावीकडून मारली की वळत नाही. तिनं गाजावाजा केला नाही. रेणूला पहिल्या बाकावर डावीकडच्या भिंतीला लावून बसवलं, म्हणजे तो कान भिंतीकडं आणि चांगला कान वर्गाकडं. पोरगी वर्षभरात पुढं निघून गेली. कुणालाच, अगदी रेणूलाही, काही कळलं नाही.

जूनमध्ये हर्षिता वही-पेन घेऊन तिच्याकडं आली होती. "मॅडम, तुम्ही या मुलांना ओळखता. कोणाकोणाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल, सांगता का?"

फुलवंता तेव्हा जुन्या कपाटातले चौथीचे तक्ते काढून तिच्या हवाली करत होती. ते तक्ते तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं रंगवले होते.

"सगळी चांगली आहेत," ती म्हणाली होती. "कळेलच तुम्हाला."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि फडकं शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचली तेव्हा सुशिलाबाई पाण्याचं पातेलं चुलीवर चढवत होती. ती शाळेत खिचडी शिजवायची आणि ती रेणूची आजी होती. दोघी बायांची अकरा वर्षांची ओळख. फुलवंता आली की सुशिलाबाई आधी तिला पाटावर बसवायची, मग बोलायची.

"मॅडम, एक इचारू? काल ते साहेब आले होते, तं रेनूचा कागद बाजूले टाकला म्हनते. खरं हाये का?"

"कोनं सांगितलं?"

"तिनंच. रडली नाई. म्हने, आजी, माहा कागद मोजलाच नाई." सुशिलाबाई चुलीत काडी सारत राहिली. "मुन्नालाल, तिचा बाप, म्हनून राह्यला, पोरगी शिकून नाई राह्यली तं कायले पाठवायचं शारेत. नवेगावबांधले मावशी हाये तिची. मावशीले लहान लेकरू हाये. जानेवारीत पाठवतो म्हनते, लेकरू तरी सांभारंल."

"मुन्नालालनं ठरवलं?"

"ठरवल्यासारखंच. तुमच्याकडं होती तं कशी फटाफट वाचे. मी म्हनलं, नव्या मॅडम तं चांगल्या हायेत, मंग इले काऊन नाई येत? पोरीचंच डोस्कं फिरलं असंल." तिनं वर पाहिलं. "तुमाले काई समजते का, मॅडम?"

फुलवंता पाटावरून उठली. "समजते," म्हणाली. "मुन्नालालले सांगा, आत्ता काई ठरवू नको. मी येतो घरी."

हर्षिता वर्गात एकटीच होती, फळा पुसत होती. फुलवंता आत गेली आणि दार लोटलं. बोलायची सुरुवात कशी करायची ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण इथं आल्यावर ठरवलेलं काहीच आठवेना. समोर नवा टीव्ही, चकचकीत फळा आणि हर्षिताच्या टेबलावर पोरांनी आणून ठेवलेली झेंडूची फुलं.

"रेणूला डाव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तिला पुढं बसवा. डावीकडच्या भिंतीला लावून. बोलताना तिच्या उजवीकडं राहा. पोरगी हुशार आहे."

हर्षिताचा हात फळ्यावरच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

फुलवंतानं नजर खाली घातली नाही. तेवढं तिच्याकडून झालं.

हर्षिता बाकावर बसली. बसलेल्या आवाजात ओरडता येत नाही म्हणून असेल, ती फार हळू बोलली. "मॅडम, सच बोलू? मी तिला दोनदा उभं केलं पूर्ण तास. सप्टेंबरमध्ये. मला वाटलं, मस्ती करतेय. तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं की हिचं काही होणार नाही. मी सांगितलं ते. मी." तिनं रुमालानं तोंड पुसलं. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"मग का?"

बाहेर पोरं जमू लागली होती. फुलवंता म्हणाली, "आपण दोघी संध्याकाळी मुन्नालालकडं जाऊ," आणि दार उघडून बाहेर आली. हर्षिताच्या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं; पण सव्वीस वर्षांच्या पोरीसमोर ते बोलायला जीभ वळेना.

मुन्नालालच्या अंगणात दोघी खाटेवर शेजारी बसल्या. तो उभाच राहिला. बोलली हर्षिताच. "चूक माझी आहे, भाऊ. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पोरगी कमजोर नाही. तिला ऐकू येत नव्हतं, आणि माझी खोलीही तशीच आहे." फुलवंताचं नावसुद्धा तिनं घेतलं नाही. मुन्नालालनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "परीक्षेपरेंत ठेवतो. मंग पाहू."

परतताना फुलवंताला हर्षिताचा आणखीनच राग आला. हिनं माझं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं असतं तर हिशोब मिटला असता; दोन शब्द ऐकून घेतले असते आणि मोकळी झाली असती. आता ही मोठी आणि आपण लहान. वयानं आपण दुप्पट, आणि मनाचा मोठेपणाही हिच्याकडंच गेला.

त्या रविवारी तिनं चैतरामच्या दुकानातून साठ जुने बारदाने मागून घेतले. "एवढ्याचं काय करतेस?" त्यानं विचारलं. "शाळेला पाहिजेत," ती म्हणाली. तिनं ते उन्हात झटकले, चार-चार घड्या करून दाभणानं आणि सुतळीनं शिवले. अंगठ्याला दोन ठिकाणी दाभण गेलं. सोमवारी बिसेन सरांनी गावातला सुतार बोलावला आणि मागची भिंत वरपासून खालपर्यंत पोत्यांच्या गाद्यांनी झाकली. छताच्या एका पट्ट्याला लाकडी फळ्या ठोकून तसंच केलं. हर्षितानं पोरांकडून त्यावर रंगीत कापडाचे मोर आणि मासे शिवून घेतले. धानाचा वास येणारी ती भिंत दोन दिवसांत देखणी दिसू लागली.

जानेवारीच्या शेवटी वीरेंद्र पुन्हा आला. टाळी वाजवली. ती आता सात दशांश सेकंदात विरली. मागच्या पोरांचे शब्द पंधरा-सोळावर गेले. रेणू पहिल्या बाकावर भिंतीला लागून बसली होती. चाचणी मागच्यांची असली तरी तिनं हट्टानं कागद मागून घेतला आणि वीसपैकी अठरा लिहिले. या वेळी वीरेंद्रनं तिचा कागद टाचणीनं तक्त्याला लावला.

दोन दिवसांनी केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला. पोत्यांच्या भिंतीसमोर हर्षिता आणि चौथीची पोरं. खाली लिहिलं होतं: 'हळदूटोला शाळेच्या हर्षिता मॅडमचा अभिनव उपक्रम. टाकाऊ बारदान्यातून आवाजावर मात.' त्याखाली टाळ्यांची आणि फुलांची रांग. गोरेगाव, मुर्री, कुठकुठचे मास्तर अभिनंदन करत होते.

फुलवंता कवेलूच्या खोलीत बसून ते पाहत होती. खोलीत नेहमीसारखाच अंधार. काचेच्या कवेलूंचा कागद अजून पंचायत समितीत पडून होता. फोटो कोणी टाकला होता ते तिनं पाहिलं. वीरेंद्रनं. म्हणजे हर्षिताचा त्यात हात नव्हता. तरी ती मनात मोजू लागली. बारदाने माझे. अंगठा माझा. पोरगी माझी. तिनं टाइप केलं, 'बारदाने मी शिवले', आणि ते तीन शब्द स्क्रीनवर बराच वेळ तसेच राहू दिले. मग एकेक अक्षर पुसून टाकलं.

थोड्या वेळानं त्याच गटावर हर्षिताचा संदेश आला. 'ही कल्पना आणि मेहनत पटले मॅडमची आहे. मी फक्त मासे शिवून घेतले.' त्यावर दोन-तीन फुलं आली आणि गट दुसऱ्याच विषयाकडं वळला.

फुलवंतानं मोबाईल पालथा घातला. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. उशिरा मिळालेलं ते एवढंसं श्रेयही हर्षितानंच दिलं होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती नळावर हात धुवायला गेली तेव्हा रेणू तिथं ताट घासत होती. एवढ्या दिवसांत दोघींचं बोलणं झालं नव्हतं. फुलवंताच टाळत होती. रेणूनं ताट बाजूला ठेवलं आणि तिच्यासाठी नळ मोकळा केला.

"मॅडम, माहा डावा कान कमजोर हाये," ती म्हणाली. एखादी नवी वस्तू दाखवावी तसं तिनं कानाला बोट लावून दाखवलं. "गोंदियाले दवाखान्यात नेनार हायेत मले. हर्षिता मॅडम येनार हायेत संग."

"बरं झालं."

"हर्षिता मॅडम म्हनाल्या, मले तुज्या कानाचं पटले मॅडमनं सांगितलं."

फुलवंता हात चोळत राहिली. पाणी थंडगार होतं. डोंगरगावच्या बाजूनं येणारा वारा अंगणातून वाहत होता आणि खिचडीच्या पातेल्याभोवती कावळे जमले होते.

"तुमाले कधी समजलं होतं, मॅडम?"

"तिसरीत होती तू, तवा."

रेणूनं ताट पुन्हा हातात घेतलं. ती विचार करत होती हे तिच्या कपाळावरून दिसत होतं. तिसरी, मग जून, मग चौथी, मग सप्टेंबर. तिनं ते मनात एकामागं एक लावलं असावं.

"मंग हर्षिता मॅडम आल्या तवाच काऊन नाई सांगितलं त्याईले?"

विसरले म्हणता आलं असतं. पोरगी लहान होती, तिनं मानलंही असतं. फुलवंतानं नळ बंद केला.

"मले तुज्या मॅडमचा हेवा वाटत होता," ती म्हणाली.

"हेवा म्हंजे?"

"म्हंजे आपल्याजवळचं दुसऱ्याकडं गेलं की आपल्याले पोटात दुखते. मंग त्याच्याकडं गेलेलं बी चांगलं राहू नये, असं वाटते."

रेणूनं हे नीट ऐकून घेतलं. तिला राग आला असावा असं चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पण आनंदही दिसत नव्हता.

"तुमच्याजवळचं काय गेलं होतं?"

"तुमी पोरं," फुलवंता म्हणाली. "तू."

रेणूनं ताटातलं उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी टाकलं.

"मी तं इथंच होती, मॅडम," ती म्हणाली.

घंटा झाली. रेणू ताट ओट्यावर पालथं घालून चौथीच्या खोलीकडं पळाली. फुलवंतानं पदराला हात पुसले आणि तिसरीच्या पोरांना हाक मारली. पोरं आली, दारातल्या अंधारात शिरण्यापूर्वी डोळे बारीक करून एकामागं एक आत गेली. सगळ्यांत शेवटी ती गेली.